जड मेसॉनचं वजन कागदावर कसं काढतात?

प्रोटॉनचं वस्तुमान ९३८ एमईव्ही. त्याच्या आतल्या तीन क्वार्कांच्या वस्तुमानांची बेरीज केली तर ती जेमतेम ९ एमईव्ही भरते. म्हणजे शंभरातले नव्व्याण्णव भाग क्वार्कांच्या स्वतःच्या वजनाचे नाहीतच. ते आहेत आत प्रचंड वेगाने फिरणाऱ्या क्वार्कांच्या आणि त्यांना जखडून ठेवणाऱ्या ग्लुऑनांच्या ऊर्जेचे. असल्या वस्तूचं गणित सुरू कुठून करायचं? हायड्रोजनच्या अणूत निदान जड प्रोटॉन मध्यभागी बसलेला असतो आणि इलेक्ट्रॉन त्याच्याभोवती असतो. इथे तसं पकडायला काहीच नाही.

(एमईव्ही म्हणजे दहा लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट. कणभौतिकीत वस्तुमान ऊर्जेच्याच एककात सांगतात. इलेक्ट्रॉनचं वस्तुमान ०.५११ एमईव्ही असतं, एवढं लक्षात ठेवलं की पुढच्या आकड्यांचा अंदाज येईल.)

आता जे-साय नावाचा कण घ्या. वस्तुमान ३०९७ एमईव्ही. तो बनतो चार्म जातीचा एक क्वार्क आणि एक चार्म प्रतिक्वार्क (त्याचा उलट भाराचा प्रतिकण) मिळून. चार्मचं वस्तुमान साधारण १२७० एमईव्ही, दोघांचं मिळून २५४०. म्हणजे कणाचं चार-पंचमांश वजन क्वार्कांचंच. उप्सिलॉन हा बॉटम क्वार्क आणि बॉटम प्रतिक्वार्क यांचा कण ९४६० एमईव्हीचा, आणि त्यातले ८३६० क्वार्कांचे. हिशेब एकदम उलटा झाला. क्वार्क आणि प्रतिक्वार्क यांच्या जोडीला मेसॉन म्हणतात आणि जोडीतला निदान एक चार्म किंवा बॉटम असेल तर जड मेसॉन. (सर्वांत जड क्वार्क टॉप, पण तो इतक्या लवकर मरतो की जोडी जमायला वेळच मिळत नाही.) या जड मेसॉनांचं वस्तुमान, त्यांचं आयुष्य, ते कशाकशात आणि किती वेळा फुटतात, हे सगळं सिद्धांतावरून आधीच सांगता येतं का, आणि सांगितलं तर त्यावर किती विश्वास ठेवायचा, हा या लेखाचा विषय.

जडपणाचा फायदा

क्वार्कांमधल्या बलाचा सिद्धांत आपल्याला माहीत आहे. त्याचं नाव क्वांटम क्रोमोडायनॅमिक्स, थोडक्यात क्यूसीडी. त्याचं मूळ समीकरण अर्ध्या ओळीत मावतं. अडचण सोडवण्यात आहे. विद्युतचुंबकीय बलात प्रकाशकण एकमेकांना ओळखत नाहीत. क्यूसीडीतले ग्लुऑन मात्र एकमेकांवरही बल लावतात, त्यामुळे सगळा गुंता वाढत जातो.

१९७३ साली डेव्हिड ग्रॉस, फ्रँक विल्चेक आणि डेव्हिड पॉलिट्झर यांनी दाखवलं की हे बल अगदी कमी अंतरावर दुबळं होतं. या कामाला २००४ चं नोबेल मिळालं. बलाची ताकद एका आकड्यात मोजतात. झेड बोसॉन या खूप जड कणाच्या ऊर्जेला तो ०.११८ असतो, बॉटमच्या वस्तुमानाइतक्या ऊर्जेला साधारण ०.२२, आणि चार्मपाशी ०.३५ ते ०.४ च्या घरात. आकडा लहान असला की पायरीपायरीने गणित करता येतं: पहिली दुरुस्ती, मग तिच्याहून लहान दुसरी, मग तिसरी. आकडा एकच्या जवळ गेला की पायऱ्या लहान होतच नाहीत आणि ही रीत कोसळते.

जड क्वार्कांचे मेसॉन आकाराने लहान असतात, म्हणून त्यांच्यात दुबळ्या बलाचा प्रदेश थोडाफार हाताशी येतो. दुसरा फायदा वेगाचा. जे-सायमध्ये क्वार्कांच्या वेगाचा वर्ग प्रकाशवेगाच्या वर्गाच्या सुमारे ०.३ पट असतो, उप्सिलॉनमध्ये ०.१ पट. फार हळू नाही, पण शाळा-कॉलेजातलं साधं श्रोडिंगर समीकरण वापरून मग सापेक्षतेच्या दुरुस्त्या जोडाव्यात, इतपत हळू नक्कीच.

कॉर्नेलचा विभव

नोव्हेंबर १९७४ मध्ये अमेरिकेत दोन प्रयोगशाळांना एकाच वेळी जे-साय सापडला. ब्रुकहेवनला सॅम्युएल टिंग यांच्या गटाला आणि स्टॅनफर्डच्या स्लॅकमध्ये बर्टन रिक्टर यांच्या गटाला. (नावातलं जोडपण तिथूनच आलेलं. दोघांनी आपापलं नाव सोडलं नाही.) दहा दिवसांत स्लॅकला त्याचा मोठा भाऊही मिळाला, ३६८६ एमईव्हीचा. हायड्रोजनमध्ये जशा पातळ्या असतात तशाच या पातळ्या आहेत हे लवकरच ध्यानात आलं. मग प्रश्न इतकाच उरला की दोन क्वार्कांमध्ये ओढ कशी आहे.

कॉर्नेल विद्यापीठातल्या आइख्टेन, गॉटफ्रीड, किनोशिता, लेन आणि यान या पाचजणांनी याचं सर्वांत साधं उत्तर सुचवलं. जवळ असताना विद्युतबलासारखी ओढ, जी अंतर वाढेल तशी घटते. लांब गेल्यावर एक न घटणारी, कायम तेवढीच राहणारी ओढ. दोन्हींची बेरीज म्हणजे कॉर्नेल विभव (अंतराप्रमाणे जोडीची ऊर्जा कशी बदलते ते सांगणारं सूत्र म्हणजे विभव). त्यांनी बसवलेल्या आकड्यांवरून त्या कायम ओढीचं माप काढलं तर ते सुमारे १५ टन वजनाइतकं येतं. दोन क्वार्कांमध्ये, अणुकेंद्रातल्या अंतरावर, १५ टन! दोन्ही ओढी सारख्या होतात ते अंतर येतं साधारण एक-तृतीयांश फेम्टोमीटर (फेम्टोमीटर म्हणजे मिलिमीटरचा एक लाख कोटीवा भाग), आणि हे मेसॉनही नेमके त्याच आकाराच्या आसपासचे. म्हणून दोन्हींपैकी कुठलीही सोडून चालत नाही.

याचा पुरावा इतका देखणा आहे की इथे जरा थांबायला हवं. जे-साय आणि त्याच्या मोठ्या भावात अंतर ५८९ एमईव्हीचं. १९७७ मध्ये फर्मीलॅबला लिऑन लेडरमन यांच्या गटाला उप्सिलॉन सापडला. त्याच्या आणि त्याच्यावरच्या पातळीत अंतर निघालं ५६३ एमईव्ही. क्वार्क तिप्पट जड, आणि पातळ्यांमधलं अंतर जवळजवळ तेच!

निव्वळ विद्युतबलासारखी ओढ असती तर पातळ्यांमधलं अंतर क्वार्कच्या वस्तुमानाच्या सम प्रमाणात वाढलं असतं. म्हणजे उप्सिलॉनमध्ये ते सुमारे १८०० एमईव्ही हवं होतं. निव्वळ कायम ओढ असती तर वस्तुमान तिप्पट झाल्यावर अंतर उलट घटलं असतं, सुमारे ०.७ पट, म्हणजे ४१० च्या आसपास. प्रत्यक्षातला आकडा दोन्हींच्या मध्ये पडला. एक ओढ अंतर वाढवते, दुसरी घटवते, आणि चार्म-बॉटमच्या टप्प्यात दोघींनी एकमेकींचा परिणाम जवळपास पुसून टाकला. क्विग आणि रोझनर यांनी त्याच सुमारास दाखवलं की विभव अंतराच्या लॉगॅरिदमप्रमाणे वाढत असेल तर पातळ्यांमधलं अंतर वस्तुमानावर अवलंबून राहतच नाही. आणि कॉर्नेलची वक्ररेषा मधल्या प्रदेशात लॉगॅरिदमसारखीच दिसते. निसर्गात लॉगॅरिदम आहे असं यावरून कुणी म्हणू नये. मेसॉनांना विभवाचा फक्त मधला तुकडा दिसतो, एवढाच त्याचा अर्थ.

प्रत्यक्ष गणित आज कुणीही एम.एस्सी.चा विद्यार्थी लॅपटॉपवर करू शकतो. क्वार्कचं वस्तुमान आणि विभवाचे दोन आकडे द्यायचे, समीकरणाचा त्रिज्येचा भाग छोट्या छोट्या पायऱ्यांनी सोडवायचा, आणि लांब अंतरावर तरंगफल (क्वार्क कुठे सापडण्याची किती शक्यता ते सांगणारं फल) शून्याकडे जाईल अशी ऊर्जा शोधायची. दोन-तीन पातळ्यांवरून आकडे बसवले की बाकीच्या पातळ्या बाहेर पडतात. जे-साय आणि त्याच्या भावाच्या मधोमध आणखी पातळ्या असायला हव्यात हे या रीतीने आधीच सांगितलं गेलं होतं. त्या १९७५ मध्ये सापडल्याही.

स्पिनची बारीक कारागिरी

क्वार्क आणि प्रतिक्वार्क यांचे स्पिन (कणाची अंगभूत गिरकी) एकाच दिशेला असले तर जे-साय, विरुद्ध असले तर ईटा-सी. ईटा-सी ११३ एमईव्हीने हलका. हायड्रोजनमध्येही अगदी हाच फरक असतो. खगोलशास्त्रातली प्रसिद्ध २१ सेंटिमीटरची रेषा त्यातूनच येते, पण तिथे तो एका इलेक्ट्रॉनव्होल्टच्या लाखाव्या भागाहूनही कमी. हा फरक दोन क्वार्क एकाच जागी सापडण्याच्या शक्यतेच्या सम प्रमाणात आणि वस्तुमानाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. म्हणून तो तरंगफलाची खरी परीक्षा घेतो. पातळ्या बरोबर आल्या तरी हा फरक चुकू शकतो.

ईटा-सीची गोष्ट मला विशेष आवडते. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात प्रयोगवाल्यांना २८३० एमईव्हीपाशी काहीतरी दिसलं होतं आणि तोच ईटा-सी असं मानलं जात होतं. मॉस्कोतले शिफमन, वाइनश्टाइन, वोलोशिन आणि झाखारॉव्ह यांनी वेगळ्याच वाटेने, क्यूसीडीचे बेरीज-नियम वापरून, आकडा काढला: सुमारे ३००० एमईव्ही, आणि २८३० शक्यच नाही. १९८० च्या सुमारास स्लॅकच्या क्रिस्टल बॉल या शोधकयंत्रात खरा ईटा-सी दिसला, २९८० च्या आसपास. जुना २८३० वाला कण पुन्हा कधी दिसला नाही.

बेरीज-नियमांची कल्पना अशी की अगदी कमी अंतरावर गणित पायरीपायरीने जमतं. निर्वात अवकाशही क्यूसीडीत रिकामं नसतं, म्हणून त्याचा परिणाम दोन-तीन मोजक्या आकड्यांत कोंबायचा. या बाजूने आलेलं उत्तर आणि मेसॉनांच्या बाजूने लिहिलेलं उत्तर एकच असलं पाहिजे, या अटीतून वस्तुमान काढायचं. हातानेही करता येतं, पण अचूकता काही टक्क्यांच्या पुढे सहसा जात नाही.

इथे थोडं कडू बोलतो. विभवाच्या प्रतिमानांवर दरवर्षी निबंधांचा पाऊस पडतो. पाच-सहा आकडे मोकळे ठेवायचे, वीस माहीत असलेल्या कणांची वस्तुमानं जुळवायची आणि तक्त्यात ‘प्रयोगाशी उत्तम मेळ’ असं लिहायचं. मेळ बसणारच, बसवलाच आहे. अशा तक्त्यात मी आधी दोन गोष्टी शोधतो: त्यात अजून न सापडलेल्या कणाचा आकडा आहे का, आणि आकड्यापुढे अधिक-उणे किती ते लिहिलंय का. दुसरी गोष्ट फार कमी वेळा असते. विभव हा क्यूसीडीतून थेट निघालेला नसून तिच्याकडे पाहून रचलेला असल्यामुळे आपली चूक किती, हे त्या रीतीला स्वतःला ठाऊक नसतं.

एक जड, एक हलका

डी आणि बी मेसॉनांत एक क्वार्क जड (डीमध्ये चार्म, बीमध्ये बॉटम) आणि दुसरा हलका असतो. इथे श्रोडिंगर समीकरण कामाचं नाही, कारण हलका क्वार्क प्रकाशवेगाच्या जवळ धावतो. तरीही जडपणा वेगळ्या तऱ्हेने कामाला येतो. जड क्वार्क मध्यभागी जवळपास स्थिर बसतो आणि हलका क्वार्क ग्लुऑनांच्या ढगासह त्याच्याभोवती असतो. मळणीच्या खळ्यात तिवड्याभोवती फिरणाऱ्या बैलाला तिवडा बाभळीचा की सागाचा याचं सोयरसुतक नसतं. तो हलला नाही म्हणजे झालं. तसंच या ढगाला मधला क्वार्क चार्म आहे की बॉटम हे कळत नाही. १९८९-९० मध्ये नेथन इस्गर आणि मार्क वाइज यांनी हे नीट सममितीच्या रूपात मांडलं.

पडताळा सोपा आहे. हलका क्वार्क काढून त्या जागी स्ट्रेंज क्वार्क घातला तर डी मेसॉनचं वस्तुमान सुमारे १०० एमईव्हीने वाढतं, बी मेसॉनचं ८७ ने. मधला क्वार्क तिप्पट जड झाला तरी ढगाने फारशी दखल घेतली नाही. स्पिनमुळे पडणारा फरक मात्र जड क्वार्कच्या वस्तुमानाच्या व्यस्त प्रमाणात असायला हवा. डीमध्ये तो १४१ एमईव्ही आहे, बीमध्ये ४५. गुणोत्तर ०.३२. चार्म आणि बॉटमच्या वस्तुमानांचं गुणोत्तर ०.३०. एकही आकडा न बसवता, नुसत्या युक्तिवादातून आलेली ही जुळणी मला कॉर्नेलच्या सगळ्या तक्त्यांपेक्षा मोलाची वाटते.

बी मेसॉनमधला बॉटम अचानक चार्ममध्ये बदलला, आणि तो चार्म जागच्या जागी राहिला, तर? ढगाला काही कळणारच नाही. जुना ढग आणि नवा ढग शंभर टक्के जुळतील. प्रत्यक्षात चार्म-बॉटम अनंत जड नसल्यामुळे थोडी घट होते. बी मेसॉनमधून स्पिन जुळलेला डी मेसॉन तयार होतो, त्या क्षयात लॅटिसच्या, म्हणजे पुढे येणाऱ्या जाळीवरच्या, गणिताने हा आकडा १ ऐवजी ०.९० च्या आसपास येतो. या आकड्याने प्रयोगातल्या मोजमापाला भागलं की बॉटमचा चार्म होण्याची मूलभूत ताकद मिळते. ही ताकद निसर्गाचा स्थिरांक आहे आणि मेसॉनचं गणित केल्याशिवाय ती हाती लागत नाही. खटपट एवढ्यासाठीच. अशा एकेका क्षयावरून ती हजारी ३९ ते ४० येते, तर सगळे क्षय एकत्र मोजून काढली तर हजारी ४२. बरीच वर्षं झाली, हे भांडण मिटलेलं नाही.

जाळीवरची क्यूसीडी

विभव नको, अंदाज नको, मूळ समीकरणच सोडवायचं असेल तर आज एकच वाट आहे. १९७४ मध्ये केनेथ विल्सन यांनी ती दाखवली. अवकाश आणि काळ सलग न धरता ठिपक्यांची चौमिती जाळी धरायची. ठिपक्यांवर क्वार्क बसतात, ठिपक्यांना जोडणाऱ्या दुव्यांवर ग्लुऑन. तीन दिशांना ६४-६४ ठिपके आणि काळाच्या दिशेला १२८ अशी जाळी घेतली तर ठिपके होतात सुमारे ३ कोटी ३५ लाख. प्रत्येक ठिपक्याला चार दुवे आणि प्रत्येक दुव्याला आठ आकडे. ग्लुऑन क्षेत्राचा एकच नमुना लिहायला शंभर कोटींहून जास्त आकडे लागतात. असे शेकडो-हजारो नमुने, क्यूसीडीत ज्या शक्यतेने यायला हवेत त्याच शक्यतेने, महासंगणकावर तयार करतात. यदृच्छेवर चालणारं गणित असल्यामुळे नमुने चौपट केले तर चूक निम्मी होते. वीजबिल अर्थातच चौपट.

वस्तुमान बाहेर काढायची युक्ती साधी आहे. जाळीवर एका क्षणी चार्म-प्रतिचार्मची जोडी निर्माण करायची, काही काळाने ती पुसायची, आणि दोन्हींचा संबंध किती उरला ते सगळ्या नमुन्यांवर सरासरी काढून पाहायचं. या गणितात काळाची मिती काल्पनिक संख्यांत फिरवलेली असते, म्हणून हा संबंध लाटेसारखा न हलता झरझर घटत जातो, आणि घटण्याचा दर म्हणजेच मेसॉनचं वस्तुमान. सुरुवातीला त्यात वरच्या पातळ्यांची भेसळ असते. त्या लवकर विरतात. मग लागोपाठच्या दोन क्षणांचं गुणोत्तर स्थिर होतं. ते सपाट पठार दिसलं की सबंध गटाचा जीव भांड्यात पडतो.

जाळीला आधी सांगावं काय लागतं? क्वार्कांची वस्तुमानं आणि ठिपक्यांमधलं अंतर. तेवढ्यासाठी मोजके प्रयोगातले आकडे खर्ची पडतात. बाकी सगळं भाकीत. इथे क्वार्कच्या वस्तुमानाबद्दल एक खुलासा करायला हवा. क्वार्क सुटा कधीच मिळत नाही, त्यामुळे त्याचं वजन कुठल्या व्याख्येने आणि कुठल्या ऊर्जेला सांगितलं, यावर आकडा बदलतो. कॉर्नेलवाल्यांनी चार्मसाठी १८४० एमईव्ही वापरलं, मी वर १२७० लिहिलं. दोघंही आपापल्या व्याख्येत बरोबर.

जड क्वार्कांचा जाळीवर मात्र त्रासच होतो. ठिपक्यांमधलं अंतर साधारण ०.०५ ते ०.१५ फेम्टोमीटर. बॉटम क्वार्कशी निगडित लांबी ०.०४७ फेम्टोमीटर. म्हणजे क्वार्कच जाळीच्या भोकातून निसटतो. ठिपके जवळ आणावेत तर खर्च आकाशाला भिडतो. म्हणून मग बॉटमसाठी वेगळी, संथ क्वार्कांची क्यूसीडी वापरायची, किंवा जाळीच्या समीकरणातच अशा दुरुस्त्या घालायच्या की भरडेपणाची चूक घटेल. अलीकडे संगणक वाढल्यामुळे चार्मपासून बॉटमपर्यंत टप्प्याटप्प्याने वस्तुमान वाढवत नेण्याचीही सोय झाली आहे.

फार वर्षं जाळीवाले एक मोठी तडजोड करत होते. निर्वात अवकाशात क्षणभर उपजून विरणाऱ्या क्वार्कांच्या जोड्या ते गाळून टाकत, कारण त्या धरायला संगणक पुरत नव्हता. उत्तरं दहा-वीस टक्क्यांनी चुकत. २००३ च्या सुमारास त्या जोड्या धरूनही गणित जमू लागलं आणि वेगवेगळ्या नऊ-दहा राशींचे आकडे काही टक्क्यांच्या आत प्रयोगाशी जुळले. लगेच खरी कसोटी आली. बी-सी हा एक बॉटम, एक चार्म असा मेसॉन फर्मीलॅबला १९९८ मध्ये सापडला होता, पण त्याचं वस्तुमान नीट मोजलेलं नव्हतं. विभवाची प्रतिमानं ६२०० ते ६३०० च्या मध्ये कुठेही बोट ठेवत होती. २००४ च्या शेवटी जाळीवरून आकडा जाहीर झाला: ६३०४ एमईव्ही, अधिक-उणे वीसेक. त्यापाठोपाठ फर्मीलॅबच्याच सीडीएफ प्रयोगाने मोजलं: ६२८७, अधिक-उणे ५. आज मोजमाप ६२७४.५ वर स्थिरावलं आहे. म्हणजे भाकीत तीस एमईव्हीने वर होतं, अर्धा टक्का. आधी सांगितलेल्या आकड्यासाठी मी याला चांगले गुण देईन, पैकीच्या पैकी नाही.

दोन टक्क्यांचं वादळ

वस्तुमानाइतकीच महत्त्वाची दुसरी राशी म्हणजे क्षय-स्थिरांक. मेसॉनमधले क्वार्क आणि प्रतिक्वार्क एकाच बिंदूत येऊन नष्ट होण्याची कुवत किती, हे तो सांगतो. डी-एस मेसॉन (चार्म आणि स्ट्रेंजची जोडी) म्युऑन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा जड भाऊ, आणि न्यूट्रिनोत फुटतो तो असाच. २००७ मध्ये जाळीवरून त्याचा आकडा आला २४१ एमईव्ही, अधिक-उणे फक्त ३. प्रयोग म्हणत होते २७० च्या आसपास. २००८ मध्ये यावरून बरीच खळबळ उडाली. जाळीचं गणित खरं असेल तर क्षयात एखादा अज्ञात कण हात घालतोय, असे निबंध आले.

पुढे काय झालं? नवी मोजमापं आली आणि प्रयोगाची सरासरी २५७ पर्यंत उतरली. तिकडे जाळीवाल्या गटाने ठिपक्यांमधलं अंतर फेम्टोमीटरमध्ये किती, हे पुन्हा काटेकोर ठरवलं आणि २०१० मध्ये त्यांचा आकडा चढून २४८ झाला. नवा कण मधल्यामध्ये विरून गेला. २०१८ पर्यंत दुसऱ्या एका मोठ्या जाळीगटाने २४९.९ अधिक-उणे ०.४ पर्यंत मजल मारली. सारा घोळ मोजपट्टीच्या दोन-तीन टक्क्यांचा होता. अधिक-उणेचा आकडा लहान असणं आणि तो बरोबर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आज अशाच आकड्यांच्या जिवावर बी-एस मेसॉन (बॉटम आणि स्ट्रेंजची जोडी) दोन म्युऑनांत किती वेळा फुटावा हे सांगता येतं: एक अब्जात साधारण ३.७ वेळा. २०१४ मध्ये सर्नच्या सीएमएस आणि एलएचसीबी प्रयोगांनी मिळून हा क्षय खात्रीने पाहिला आणि मोजमाप भाकिताच्या आसपासच निघालं. त्या भाकितात क्षय-स्थिरांकाचा वर्ग येतो. तो पाच टक्क्यांनी चुकला असता तर उत्तर दहा टक्क्यांनी हललं असतं आणि नव्या कणांचा शोध घेण्याला अर्थच उरला नसता.

उंबरठ्यापाशी

मेसॉनचं वस्तुमान एका हद्दीपलीकडे गेलं की तो दोन हलक्या मेसॉनांत सरळ फुटू शकतो. जे-साय डी आणि प्रतिडी यांच्या जोडीपेक्षा (सुमारे ३७३० एमईव्ही) हलका आहे, म्हणून तो टिकून राहतो. त्याची रुंदी, म्हणजे क्षयाचा वेग, फक्त ९३ हजार इलेक्ट्रॉनव्होल्ट. उंबरठ्याच्या जरा वर ३७७० पाशी असलेल्या भावाची रुंदी २७ एमईव्ही, जवळपास तीनशे पट.

उंबरठ्याजवळ विभवाची प्रतिमानं गडबडतात, कारण तिथला कण निव्वळ क्वार्क-प्रतिक्वार्क राहत नाही. २००३ मध्ये बाबार प्रयोगाला डी-एस कुटुंबातला एक कण २३१८ एमईव्हीला सापडला. प्रतिमानांनी तो २४८० च्या आसपास सांगितला होता. १६० एमईव्हीची चूक, आणि तीही मान्यवर प्रतिमानांची. कण डी आणि के (स्ट्रेंज क्वार्क असलेला हलका मेसॉन) मेसॉनांच्या जोडीच्या उंबरठ्याखाली पंचेचाळीस एमईव्हीवर बसला होता. दहा वर्षांनी जाळीवाल्यांनी त्या जोडीलाही गणितात धरलं, तेव्हा आकडा जागेवर आला. २००३ मध्येच जपानच्या बेल प्रयोगाला एक्स-३८७२ सापडला. त्याचं वस्तुमान डी आणि स्पिन जुळलेला डी यांच्या बेरजेशी एका एमईव्हीच्या लहानशा अंशापर्यंत जुळतं. तो दोन मेसॉनांचा सैल रेणू, की चार्म-प्रतिचार्मची जोडी, की दोन्हींचं मिश्रण, यावर आजही वाद आहे.

सध्या डोळे आहेत ते दोन जड क्वार्क आणि दोन हलके प्रतिक्वार्क अशा चौकडीकडे. दोन चार्मवाली चौकडी एलएचसीबीने २०२१ मध्ये जाहीर केली. ती उंबरठ्याच्या एका एमईव्हीहूनही कमी खाली, कशीबशी टिकलेली. दोन बॉटमवाली चौकडी मात्र खूप घट्ट बांधलेली असावी असं वेगवेगळ्या गटांची जाळीगणितं सांगतात. त्यात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या लॅटिसवाल्यांचंही काम आहे. उंबरठा आहे १०६०४ एमईव्हीला, आणि गणितं कण त्याच्याखाली शंभर किंवा त्याहून जास्त एमईव्हीवर ठेवतात. इतका खोल बसलेला कण तीव्र बलाने, म्हणजे क्यूसीडीच्या बलाने, फुटूच शकत नाही. त्याला बी मेसॉनसारखं मंद बलाने, म्हणजे एका क्वार्कचा दुसरा क्वार्क करणाऱ्या बलाने, मरावं लागेल. त्यासाठी एकाच टकरीत दोन बॉटम-प्रतिबॉटम जोड्या निर्माण होऊन त्यातले दोन बॉटम एकमेकांच्या जवळ यायला हवेत. जपानमधल्या बेल-२ मध्ये तेवढी ऊर्जाच नाही, म्हणून हे काम सर्नच्या एलएचसी या कणांची टक्कर घडवणाऱ्या यंत्राकडे आहे. आकडा मात्र छापून झाला आहे.